वेळ कागदावर आडवी कशी झाली?

वीकेंडला पायथनशी खेळणाऱ्या बहुतेकांनी हा प्रोग्रॅम कधी ना कधी लिहिलेला असतो. एक चेंडू सेकंदाला २० मीटर वेगाने सरळ वर फेकायचा. गुरुत्वत्वरण ९.८ धरायचं, हवेचा अडथळा विसरायचा, आणि लूपमध्ये दर दशांश सेकंदाला दोनच ओळी चालवायच्या:

वेग = वेग − ९.८ × ०.१
उंची = उंची + वेग × ०.१

उंचीचे आकडे एका लिस्टमध्ये भरत जायचे आणि शेवटी ती लिस्ट प्लॉट करायची. डोळ्याचं पातं लवायच्या आत स्क्रीनवर सुरेख कमान हजर. छान वाटतं, आपण स्क्रीनशॉट काढतो आणि पुढच्या कामाला लागतो.

पण जरा थांबून बघा. या चित्रात दोन खटकणाऱ्या गोष्टी आहेत. पहिली म्हणजे, चेंडू तर सरळ वर गेला आणि सरळ खाली आला. मग ही कमान कुठून आली? चित्रातला चेंडू डावीकडून उजवीकडे कुठे निघालाय? दुसरी गोष्ट म्हणजे, २ सेकंदांनंतरची उंची सूत्राने काढली तर २०.४० मीटर येते, आणि आपला लूप सांगतो १९.४२. लूपमधल्या दोन ओळींची अदलाबदल केली तर येतात २१.३८. म्हणजे एकदा जवळजवळ मीटरभर कमी आणि एकदा जवळजवळ मीटरभर जास्त.

गंमत म्हणजे दोन्ही कोड्यांची उत्तरं चौदाव्या शतकातली आहेत. तेव्हा संगणक सोडाच, सेकंद मोजणारं घड्याळसुद्धा नव्हतं.

आधी दुसरं कोडं घेऊ, कारण ते सोपं आहे. १३३० च्या दशकात ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजात काही तर्कशास्त्री मंडळी होती. त्यांना पुढे 'ऑक्सफर्डचे गणिती' असंच नाव पडलं. त्यांच्यातल्या विल्यम हेट्सबरीने १३३५ मध्ये एक नियम मांडला. वेग एकसारखा वाढत (किंवा घटत) असेल, तर त्या वेळात कापलेलं अंतर हे मधल्या क्षणाच्या वेगाने, न वाढता न घटता, चाललं असतं तर जेवढं झालं असतं तेवढंच असतं. आज आपण म्हणतो, सुरुवातीच्या आणि शेवटच्या वेगाची सरासरी घ्या. या लोकांनी कुठलीही वस्तू घरंगळवली नव्हती की टाकली नव्हती. हा सगळा वादविवादातल्या युक्तिवादाचा मामला होता.

आता आपला लूप बघा. प्रत्येक दशांश सेकंदासाठी आपण एकतर शेवटचा वेग वापरतो, म्हणून अंतर कमी पडतं, नाहीतर सुरुवातीचा वापरतो, म्हणून जास्त होतं. त्याऐवजी जुन्या आणि नव्या वेगाची सरासरी घेऊन बघा. उत्तर बरोब्बर २०.४० येतं. वेग एकसारखा बदलत असेल तर पायरी दशांश सेकंदाची घ्या नाहीतर पूर्ण एका सेकंदाची, ही सरासरी चुकत नाही. सातशे वर्षांपूर्वीचा पॅच आहे हा, आजही तसाच्या तसा चालतो.

आता पहिलं कोडं, म्हणजे ती कमान. त्यासाठी ऑक्सफर्डहून पॅरिसला जावं लागेल. तिथे निकोल ओरेम नावाचा विद्वान पाद्री होता. पुढे १३७७ मध्ये तो लिझ्यूचा बिशप झाला. १३५० च्या दशकात त्याने गुण आणि गती यांच्या आकृत्यांबद्दल एक लॅटिन ग्रंथ लिहिला. त्यातली कल्पना आज इतकी सवयीची झालीय की तिच्यात काही विशेष आहे हेच लक्षात येत नाही. ओरेम म्हणतो, गती चालू असतानाचा सगळा काळ एका आडव्या रेषेने दाखवा. रेषेवरचा प्रत्येक बिंदू म्हणजे एक क्षण. त्या क्षणी वेग जेवढा असेल तेवढ्या उंचीची उभी रेषा त्या बिंदूवर काढा. वेग कायम असेल तर उभ्या रेषांच्या टोकांमुळे आयत तयार होईल. वेग शून्यापासून एकसारखा वाढत असेल तर त्रिकोण.

आणि मग मर्टनवाल्यांचा नियम शब्दांचा खेळ राहत नाही, तो नुसता डोळ्यांना दिसतो. त्रिकोणाच्या निम्म्या उंचीवर आडवी रेघ मारा. वरचं टोक कापा, फिरवून खालच्या रिकाम्या कोपऱ्यात बसवा. झाला आयत. दोघांचं क्षेत्रफळ सारखं, म्हणून अंतर सारखं. वेगाच्या आलेखाखालचं क्षेत्रफळ म्हणजे अंतर, हे आपण अकरावीत पाठ करतो, त्याचा हा उगम. इटलीत जोव्हानी दी कासाली याने जवळपास त्याच काळात अशा आकृत्या काढल्या होत्या, पण विषय खोलात जाऊन मांडला तो ओरेमने.

इथे नेमकं काय घडलं ते नीट बघायला हवं. वेळ ही दिसणारी गोष्ट नाही. तिला लांबी नाही, दिशा नाही. ओरेमने तिला कागदावर आडवं टाकलं आणि लांबी दिली. हा शोध निसर्गात काही सापडल्याचा नव्हे, हा घेतलेला निर्णय होता. आलेखाचा आडवा अक्ष कोणीतरी ठरवावा लागतो, तो आपोआप तिथे नसतो.

'आणि आपले भास्कराचार्य?' हा प्रश्न येणारच, आणि यायलाही हवा. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात त्यांच्या घराण्याची माहिती कोरलेली आहे. ११५० च्या 'सिद्धांतशिरोमणी'त ते ग्रहाच्या 'तात्कालिक' गतीबद्दल बोलतात, म्हणजे दिवसभराची सरासरी नव्हे, त्या त्या क्षणाची गती. ही कल्पना ओरेमच्या दोनशे वर्षं आधीची आहे. पण त्यांची साधनं होती श्लोक, ज्यांची कोष्टकं आणि त्यांतले फरक. आकडे आणि रीत घेऊन ते पोचले, त्यासाठी वेळ कागदावर आडवी टाकायची त्यांना गरज पडली नाही. गतीचा विचार आलेखाशिवाय होऊ शकतो हे यातून कळतं.

ओरेमच्या आकृतीत मोजलेला आकडा एकही नव्हता. तो यायला अडीचशे वर्षं गेली, आणि तो आणला गॅलिलिओने. १६३८ मध्ये, नजरकैदेत असताना, त्याचं 'दोन नव्या शास्त्रां'वरचं पुस्तक हॉलंडमधल्या लायडनला छापलं गेलं. त्यात तिसऱ्या दिवसाच्या संवादात तोच त्रिकोण आहे, फक्त वेळेची रेषा उभी आणि वेगाच्या रेषा आडव्या. शिवाय अंतर दाखवायला शेजारी एक वेगळी रेषा. प्रयोगाचं वर्णनही आहे: लाकडी तुळईत कोरलेली खाच, तिच्यात गुळगुळीत चर्मपत्र, कांस्याची गोळी, आणि वेळ मोजायला भांड्यातून बारीक धारेने पडणारं पाणी. ते पाणी तोलायचं. जेवढं वजन तेवढी वेळ.

पण मला त्याच्या छापील पुस्तकापेक्षा त्याच्या कच्च्या कागदांत जास्त रस आहे. फ्लॉरेन्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात गॅलिलिओची हस्तलिखितं आहेत. त्यातल्या १०७ क्रमांकाच्या पानाच्या मागच्या बाजूला आठ आकडे एकाखाली एक लिहिलेत:

३३, १३०, २९८, ५२६, ८२४, ११९२, १६२०, २१०४

शेजारी १ ते ८ आणि त्यांचे वर्ग. १९७० च्या दशकात टोरांटोच्या स्टिलमन ड्रेक या इतिहासकाराने या आकड्यांचा अर्थ लावला. त्याच्या मते हा उतारावरून घरंगळणाऱ्या गोळीचा डेटा आहे. समान वेळेच्या आठ टप्प्यांत गोळी सुरुवातीपासून कुठवर पोचली याची मोजणी, एकक एक मिलिमीटरला जरासं कमी. ३३ ला १, ४, ९, १६ असं गुणत जा: ३३, १३२, २९७, ५२८, ८२५, ११८८, १६१७, २११२. आठही ठिकाणी फरक ८ किंवा त्याहून कमी. दोन मीटरच्या मापात जास्तीत जास्त आठ मिलिमीटर! लागोपाठच्या आकड्यांची वजाबाकी केलीत तर ३३ च्या पटीत साधारण १, ३, ५, ७, ९ असा विषम संख्यांचा क्रम मिळतो.

एवढी अचूक वेळ त्याने मोजली कशी? ड्रेकचा तर्क झकास आहे. गॅलिलिओचे वडील ल्यूट वाजवणारे संगीतकार होते. उतारावर तातीच्या दोऱ्या आडव्या बांधायच्या, गोळी त्यावरून जाताना टकटक आवाज होतो. एक गाणं ठेक्यात म्हणायचं आणि टकटक ठेक्यावर येईपर्यंत दोऱ्या मागेपुढे सरकवायच्या. आपल्याकडे गाण्याच्या बैठकीला बसणाऱ्या कोणालाही हे पटेल. तबला किंचित पुढे पळाला तरी कान लगेच सांगतो. ड्रेकने स्वतः हा प्रयोग करून पाहिला.

आता खरी मेख. हे आठ आकडे पायथनला द्या आणि प्लॉट करा. अर्ध्या कमानीसारखा गुळगुळीत पॅराबोला मिळेल. पण नंतरच्या काही इतिहासकारांनी याच आकड्यांचा वेगळा अर्थ लावला. त्यांच्या मते यात गोळीही नाही आणि वेळही नाही. गॅलिलिओ दोन खिळ्यांना साखळी लोंबकळत ठेवून तिच्या वक्राचा अभ्यास करत होता. तो वक्र पॅराबोलाच्या फार जवळचा असतो असं त्याने पुढे छापूनही टाकलं. हे आठ आकडे म्हणजे समान आडव्या अंतरांवर साखळी किती वर उचलली गेलीय त्याची मापं असू शकतात.

म्हणजे बघा. आकडे तेच आणि वक्रही तोच. एका अर्थात आडवा अक्ष वेळेचा आहे आणि आपण आधुनिक गतिशास्त्राचा जन्म बघतोय. दुसऱ्या अर्थात आडवा अक्ष लांबीचा आहे आणि आपण भिंतीवर टांगलेली साखळी बघतोय. सगळा वाद १ ते ८ म्हणजे काय, एवढ्यावर आहे. गॅलिलिओने शीर्षक लिहिलं नाही, आणि इतिहासकार अजून भांडतायत.

आणि आपण काय करतो? मॅटप्लॉटलिबला एकच लिस्ट दिली, तर ते निमूटपणे आडव्या अक्षावर ०, १, २, ३ असे क्रमांक टाकतं. सुरुवातीच्या आपल्या कमानीखाली ० ते ४० दिसेल. ते सेकंद नाहीत, लूपच्या फेऱ्या आहेत. चित्र सुरेख दिसतं म्हणून कोणी विचारत नाही.

ही सोय पूर्वी नव्हती, आणि त्यात एक शहाणपण होतं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फ्रान्समध्ये जनरल मोरँ याने, पाँसलेच्या कल्पनेवरून, एक यंत्र बनवलं. एक उभा दंडगोल, त्याला कागद गुंडाळलेला, तो एकसारख्या गतीने फिरतोय. शेजारी एक वजन सरळ खाली पडतं, त्याला पेन्सिल बांधलेली. वजन पडताना पेन्सिल कागदावर रेघ ओढते. कागद सोडवून पसरला की त्यावर पॅराबोला! पडणारी वस्तू स्वतःच्या हाताने स्वतःचा आलेख काढते. कमान कुठून येते या आपल्या कोड्याचं याहून चोख उत्तर नाही. वजन आडवं कधी गेलंच नाही, आडवा गेला तो कागद.

हीच युक्ती पॅरिसच्या एत्येन-ज्यूल मारे या शरीरशास्त्रज्ञाने नाडीला, घोड्याच्या टापांना, पक्ष्याच्या पंखांना लावली. १८७८ च्या त्याच्या 'आलेख पद्धती'वरच्या पुस्तकात पॅरिस ते लिऑन मार्गावरच्या गाड्यांचं एक वेळापत्रक आहे, इब्री नावाच्या इंजिनिअरच्या पद्धतीने काढलेलं. उभ्या बाजूला स्टेशनं, आडवी वेळ, प्रत्येक गाडी म्हणजे एक तिरकी रेघ. एडवर्ड टफ्टीच्या १९८३ च्या गाजलेल्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर हेच चित्र आहे.

असे चार्ट आपल्या रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसातही वर्षानुवर्षं पेन्सिलने काढले गेले. आता ते काम बहुतेक ठिकाणी संगणकावर होतं. मुंबई-पुणे मार्गाचा असा चार्ट डोळ्यांपुढे आणा. कर्जत मुंबईपासून १०० किलोमीटरवर, लोणावळा १२८ वर. गाडी कर्जतला थांबते, मागून इंजिनं लागतात. चार्टवर रेघ सपाट. मग बोर घाट सुरू होतो, ३७ फुटांमागे १ फूट चढ. गाडी हळू होते. आणि चार्टवर काय दिसतं? रेघेचा चढ कमी होतो. जमिनीवर चढ जितका जास्त, तितकी कागदावरची रेघ आडवी! कारण कागदावरचा चढ डोंगराचा नाही, वेगाचा आहे.

हा गोंधळ आपल्याकडचाच नाही. १९८७ मध्ये अमेरिकेत लिलियन मॅकडरमॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना आढळलं की बरीच मुलं आलेखाला वाटेचं चित्र समजतात. चेंडू टेकडीवरून गेला की आलेखही टेकडीसारखा. उंची आणि चढ यांचीही गल्लत होते. गणित न येणारी मुलं नव्हती ती. ओरेमने घेतलेला निर्णय त्यांना कोणी निर्णय म्हणून सांगितलाच नव्हता.

आता संगणकाकडे येऊ. १९५९ मध्ये कॅलकॉम्प ५६५ नावाचा प्लॉटर बाजारात आला. दंडगोलावर कागद, त्यावर पेन, अगदी मोरँच्या यंत्राचा पणतू शोभावा असा. पेन आणि कागद इंचाच्या शंभराव्या भागाएवढ्या पावलांनी हलायचे. पण एक मोठा फरक होता. मोरँचा दंडगोल सतत एका लयीत फिरायचा, त्यामुळे कागदाची दिशा ही वेळेचीच असायची, दुसरी असूच शकत नव्हती. प्लॉटरचा दंडगोल प्रोग्रॅम सांगेल तसा मागेपुढे फिरतो. आडवा अक्ष वेळेचा आहे याची जी हमी यंत्र देत होतं, ती तिथे संपली. ती जबाबदारी कोड लिहिणाऱ्यावर आली.

त्यानंतरचं आपल्याला ठाऊक आहे. १९८६ मध्ये ग्नूप्लॉट आलं. शिकागोत अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतले विद्युत संकेत अभ्यासणाऱ्या जॉन हंटरने २००३ मध्ये मॅटप्लॉटलिब सर्वांसाठी खुलं केलं. मारे नाडी मोजत होता, हंटर मेंदू. दोघांनाही गती आणि बदल डोळ्यांना दिसायला हवे होते. हंटर २०१२ मध्ये, वयाच्या अवघ्या ४४ व्या वर्षी गेला. त्याची लायब्ररी आज जगभरातल्या भौतिकशास्त्राच्या वर्गात चालते.

एक शेवटची गोष्ट सांगतो, ती मला यात सगळ्यात महत्त्वाची वाटते. १९८० च्या दशकात शाळांसाठी असे सेन्सर आले की मूल त्याच्यापुढे चाललं की स्क्रीनवर त्याच्या चालण्याचा आलेख उमटत जातो. १९८७ च्या हेदर ब्रॅझेल यांच्या अभ्यासात दिसलं की मुलांना आलेख यामुळे चांगले कळू लागतात. पण तोच आलेख चालून झाल्यावर वीस-तीस सेकंदांनी दाखवला, तर फायदा बराचसा नाहीसा होतो. चित्र तेच, आकडे तेच. फक्त आपण थांबलो की रेघ सपाट होते, हे घडताना बघायला मिळत नाही.

आपली कमान एका झटक्यात पूर्ण उमटते. तिच्यात वेळ कुठे गेली हे बघायला सवडच मिळत नाही. तेव्हा या शनिवार-रविवारी एवढं करून बघा. प्लॉटला उंचीच्या आधी वेळेची लिस्ट द्या. आडव्या अक्षाखाली 'वेळ, सेकंद' असं स्वतः लिहा. लूपमध्ये हेट्सबरीची सरासरी घाला. आणि लूपच्या प्रत्येक फेरीला दशांश सेकंद थांबून एकेक ठिपका टाका, म्हणजे ती कमान खऱ्या वेळेत, चार सेकंदांत उमटेल. घरात एखादं आठवी-नववीतलं पोर असेल तर त्याला शेजारी बसवा आणि विचारा: चेंडू कुठे चाललाय?